लेझीम पिशवीत, गुपित पोटात

प्रश्न : आम्ही कॉलेजची ३० मुलंमुली सोलापुरात पार्क चौकाजवळ संध्याकाळी अचानक लेझीम खेळणार आहोत. तालमीत स्पीकरचा आवाज मागे-पुढे होतो. सुरुवात कशी करावी?

उत्तर : दोन ब्लूटूथ स्पीकर वेगवेगळ्या मोबाइलला जोडले की ताल फाटणारच. वायरचा एकच मोठा स्पीकर घ्या आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी फोन येतो. आमचं मत विचाराल तर स्पीकर सोडा, हलगी घ्या. मात्र कातडी हलगी शेकावी लागते, आणि शेकोटी दिसली की गुपित फुटलंच! फायबरच्या पानाची बरी.

लेझीमही चुगलखोर. साखळी चकत्यांसकट फडक्यात घट्ट गुंडाळून पिशवीत ठेवा.

सगळे एकदम उतरू नका. आधी हलगीवाला, १६ मात्रांनी दोघं, मग सहा जण, शेवटी बाकीचे. हात, म्हणजे लेझमीच्या हालचालींचे प्रकार, आठ मात्रांचे, तीनच. चौथा शिकवलात की मागची रांग चुकते. चार मिनिटं पुरेत. ३० जणांना लेझीम फिरवायला साधारण १० बाय १० मीटर मोकळी जागा लागते. पदपथ आणि रिक्षाथांबा अडवू नका. पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधीच काढा, त्यानं मजा कमी होत नाही. २०११ मध्ये मुंबईच्या सीएसटी स्थानकात दोनशेवर लोक नाचले, तेही परवानगीनंच.

शेवटचा ठोका पडला की टाळ्यांसाठी थांबू नका, अर्ध्या मिनिटात चहूकडे पांगा.