बेदाणा स्टोरेजला टाकता येतो, तेलाचं काय?

प्रश्न : दर पडला की तासगावात आम्ही बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकतो आणि वाट बघतो. नायजेरियासारखे देश तेल जमिनीतच का ठेवत नाहीत? दर उतरला की त्यांचं सगळंच का ढासळतं?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : माल स्टोरेजला टाकला तरी मधले महिने काढायला पैसा लागतोच. नायजेरियाची अडचण तीच. देशाच्या एकूण उत्पन्नात तेल दशांशाहूनही कमी, पण निर्यातीत बहुतांश वाटा त्याचाच. विहीर बंद केली तर पगार कशातून द्यायचे? शिवाय बंद ठेवलेली विहीर पुन्हा पूर्वीइतकी देईलच असं नाही. त्यामुळे साठवायचा असतो तो तेजीतला पैसा.

त्यासाठी अंदाजपत्रकात तेलाचा दर मुद्दाम कमी धरतात. समजा बाजारात पिंपाला १०० डॉलर असताना ७५ धरला, तर वरचे २५ वेगळ्या खात्यात. घाना हा दर सात वर्षांच्या सरासरीने काढतो : मागची चार, चालू वर्ष आणि पुढच्या दोन वर्षांचा अंदाज.

नायजेरियानेही २००४ मध्ये असं खातं उघडलं होतं. पण त्याला कायद्याचा भक्कम आधार नव्हता. घटनेप्रमाणे तेलाचा पैसा केंद्र, राज्यं आणि स्थानिक संस्थांत वाटायचा, म्हणून गव्हर्नर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे) वाटा मागत राहिले आणि खातं रिकामं होत गेलं. २०१४ च्या मध्याला ११० डॉलरच्या आसपास असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं, तेव्हा गाठीला फारसं काही नव्हतं.

त्यात नायरा या तिथल्या चलनाचा सरकारी दर डॉलरला १९७ च्या आसपास रोखून धरला. आमच्या मते मोठी चूक ही. नायरा वेळीच उतरू दिला असता तर त्याच डॉलरचे तिजोरीत जास्त नायरा आले असते. महागाईच्या भीतीने थांबले, पण आयातदारांना डॉलर मिळेनात, काळा बाजार फोफावला आणि महागाई आलीच. जून २०१६ मध्ये दर सोडला, तेव्हा तो एका दिवसात २८० वर गेला.

नॉर्वेचा नियम सोपा. तेलाचा सरकारी पैसा निधीत जातो आणि खर्चाला निधीच्या साधारण ३ टक्केच काढायचे. २०१७ पर्यंत ४ होते. मात्र हे जमतं ते इतर करांवर सरकार चालतं म्हणून.

मेक्सिको दराचा विमाच उतरवतो. ठरल्या दराने विकण्याचा हक्क, म्हणजे पुट ऑप्शन, विकत घेतो. हप्ता भरावा लागतो आणि संरक्षण वर्षभराचंच. मंदी लांबली, की पुढचा विमा पडलेल्या दरावरच मिळतो.