वाचकांचे प्रश्न : सेवाभावी क्लबने उपक्रम किती करावेत?

प्रश्न : आमच्या लहानशा शहरातील सेवाभावी क्लबचा मी यंदाचा सचिव आहे. वर्षभरात आम्ही रक्तदान, नेत्रतपासणी, वृक्षारोपण, शालेय साहित्याचे वाटप असे पुष्कळ उपक्रम केले. वार्षिक अहवाल जाडजूड झाला, छायाचित्रेही छापून आली. परंतु राबणारे तेच चार-पाच जण आहेत आणि क्लब नेमके काय करतो, हे शहरातील कोणालाही सांगता येत नाही. नवे अध्यक्ष पुढील वर्षी उपक्रमांची संख्या दुप्पट करू म्हणतात. ते योग्य ठरेल का?
— एक सचिव

उत्तर : संख्या दुप्पट केल्याने त्या चार-पाच जणांचे काम तेवढे दुप्पट होईल, बाकी काही बदलेल असे मला वाटत नाही. आपण उल्लेखिलेले उपक्रम सगळेच चांगले आहेत, मात्र त्यांतील बहुतेकांचे खरे काम मांडव उतरल्यानंतर सुरू होते आणि नेमके तेव्हाच पदाधिकारी पुढच्या कार्यक्रमाच्या तयारीला लागलेले असतात.

नेत्रतपासणीचेच पाहा. शिबिरात एखाद्या वृद्ध बाईंना मोतीबिंदू असल्याचे सांगितले जाते, हाती चिठ्ठी दिली जाते आणि रांग पुढे सरकते. त्यानंतर त्यांना शस्त्रक्रियेसाठी कोण नेणार, रक्तातील साखर वाढल्यामुळे तारीख पुढे गेली तर नवी तारीख कोण लक्षात ठेवणार, शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीला सोबत कोण जाणार, औषधाचे थेंब दिवसातून किती वेळा घालायचे हे घरच्यांना कोण समजावणार आणि काही आठवड्यांनी डोळा स्थिरावल्यावर चष्म्याचा नंबर काढायला कोण आणणार, यांतले काहीच त्या चिठ्ठीवर नसते. मोतीबिंदू फार पिकू दिला तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्यात गेलेली दृष्टी मग परत येत नाही. म्हणून आपल्या अहवालात तपासलेल्यांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना असावा : शस्त्रक्रिया सुचवलेल्यांपैकी किती जणांची ती प्रत्यक्षात झाली? हा रकाना भरायचा तर प्रत्येक सभासदाने दोन-तीन रुग्णांची जबाबदारी नावानिशी घ्यावी लागेल. आठवड्यातून एक सकाळ गाडी काढू शकणारा, दूरध्वनीवर धीराने बोलणारा, कागदपत्रे नीट लावणारा, असे निरनिराळ्या स्वभावाचे सभासद इथे उपयोगी पडतात. राबणारे तेच चार-पाच जण आहेत असे आपण म्हणता, पण बाकीच्या सभासदांवर स्वागत, दीपप्रज्वलन आणि आभारप्रदर्शन यांपलीकडे कोणते काम सोपवले होते, हेही एकदा तपासून पाहावे.

रक्तदानातील अडचण वेगळी आहे. वर्धापनदिनी मागील वर्षाचा आकडा मोडण्याच्या ईर्ष्येने सगळे दाते एकाच दिवशी बोलावले जातात. परंतु साठवलेल्या लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट्स ५ ते ७ दिवसच वापरता येतात. मुदतीत न लागलेले रक्त टाकून द्यावे लागते, आणि पुढे तुटवडा पडला तर त्याच दात्यांना लगेच पुन्हा बोलावता येत नाही, कारण दोन रक्तदानांमध्ये बहुतेक ठिकाणी दोन ते चार महिन्यांचे अंतर राखले जाते. रक्तपेढीला विचारून, तिला गरज असेल त्या महिन्यांत लहान लहान शिबिरे घ्यावीत. त्याने उच्चांक होणार नाही, हे खरे.

वृक्षारोपणाबद्दल एवढेच सुचवतो की, लावलेल्या रोपांऐवजी दोन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी जगलेल्या रोपांचा आकडा छापावा. तो छापायची हिंमत असलेले क्लब थोडे निघतील.

दरवर्षी अध्यक्ष बदलतो, त्यामुळे लांब पल्ल्याचे काम करता येत नाही, अशी तक्रार नेहमी केली जाते. ती पूर्णतः खरी नाही. रोटरी या सेवाभावी क्लबांच्या जागतिक संघटनेची स्थापना वकील पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागो येथे केली, तेव्हा व्यावसायिकांमधील परिचय आणि स्नेह हाच मुख्य हेतू होता. समाजसेवा मागाहून आली. तिच्या क्लबांचे अध्यक्षही दरवर्षी बदलतात, तरीही १९८५ मध्ये हाती घेतलेले पोलिओ निर्मूलनाचे काम तिने सोडलेले नाही. १९८८ मध्ये जगभरात पोलिओचे अंदाजे साडेतीन लाख रुग्ण होते. शासनसंस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि इतर अनेकांच्या साथीने ही संख्या आता ९९ टक्क्यांहून अधिक घटली आहे. लायन्सचेही तसेच. १९२५ मध्ये स्वतः अंध आणि बधिर असलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि दृष्टीविषयक सेवा ही त्या संघटनेची आजवरची ओळख झाली. आपल्या क्लबनेही एक काम निदान तीन वर्षांसाठी ठरावाने निश्चित करावे आणि मावळते, विद्यमान व भावी अशा तिन्ही अध्यक्षांना त्याच्या समितीत बसवावे. नव्या अध्यक्षांना हौसेचा एखादा लहान उपक्रम जरूर करू द्यावा. मात्र मुख्य काम त्यांच्या मर्जीवर सोडले, तर दर पदग्रहणानंतर पहिले पाढे पंचावन्न.

प्रश्न : उपक्रमांसाठी जमवलेल्या देणग्यांतून मासिक बैठकीच्या भोजनाचा खर्च केला तर बिघडते काय? शेवटी आम्ही सेवाच करतो.
— एक सभासद

उत्तर : बिघडते. लोकांनी पैसे रुग्णांसाठी किंवा विद्यार्थ्यांसाठी दिले, आपल्या भोजनासाठी नव्हे. लायन्स संघटनेत जनतेकडून उभारलेला निधी जनतेच्या कामासाठीच वापरण्याचा दंडक असून प्रशासकीय खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागवला जातो. आपणही दोन स्वतंत्र खाती ठेवावीत आणि भोजन, हारतुरे, स्मृतिचिन्हे व पदग्रहण सोहळा हे सर्व वर्गणीच्या खात्यात टाकावे. उपक्रमाचा जमाखर्च देणगीदारांना महिनाभराच्या आत कळवावा. रक्कम उरली असेल तर ती कोणत्या कामाला वळवणार हे त्यातच लिहावे आणि देणगी विशिष्ट कामासाठी दिलेली असल्यास त्यांची संमती आधी घ्यावी. वर्गणीत भोजन परवडत नसेल, तर बैठक चहावर उरकावी.