आई-वडील आणि मुलांना घेऊन एका दिवसात सातारा कसा पाहावा?

कास, ठोसेघर, सज्जनगड आणि जमलं तर शहर, हे सगळं एका दिवसात होईल का, असं तुम्ही विचारलंय. सोबत सत्तरीचे आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं, आणि 'राजधानी सातारा' नीट पाहायचीय. स्पष्टच सांगते, नाही होणार. माझी नणंद नागपूरहून मुलांना घेऊन आली होती तेव्हा आम्ही नेमका हाच बेत केला. यवतेश्वरच्या घाटात भाच्याला उलट्या झाल्या, कासला रविवारच्या गाड्यांच्या रांगेत दीड तास गेला. रात्री जेवताना नणंदेने विचारलं, "वहिनी, यात राजधानी कुठे होती?" फार लागलं मला ते.

पुढच्या दिवाळीत ती परत आली, तेव्हा डोंगर-धबधबे सगळे बाजूला ठेवले आणि फक्त राजधानी पाहिली. तुम्हीही तेच करा. छत्रपतींची गादी आधी गडावर होती, मग ती खाली गावात आली. तुमचा दिवसही तसाच वरून खाली येऊ द्या.

सकाळी आधी अजिंक्यतारा. गाडी दरवाजाच्या बरीच जवळ जाते, पुढचा चढ आई-वडिलांना दम खात खात जमतो. माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तरी ते आले. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये हा किल्ला वेढला आणि प्रयागजी प्रभूंनी तो साडेचार महिने लढवला. पडल्यावर मोगलांनी त्याचं नाव आझमतारा ठेवलं, मराठ्यांनी परत घेतल्यावर अजिंक्यतारा झालं. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यातच झाला. पुढे पुण्यात पेशवे सगळा कारभार पाहायचे, पण पेशवाईची वस्त्रं मिळायची ती साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण शाळेच्या पुस्तकात पुण्याचं नाव जास्त येतं. शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या रामराजांना ताराबाईंनी १७५० मध्ये कैदेत ठेवलं तेही याच गडावर. गडावरच्या वाड्याचे आता नुसते अवशेष आहेत. मुलं "इथे काहीच नाही" म्हणतील, तेव्हा ही गोष्ट कामी येते.

मंगळाईचं दर्शन घ्या आणि तटावर थांबा. आमचे सासरे काठीने दाखवत होते: हा यवतेश्वर, तो सज्जनगड, पलीकडे जरंडेश्वर. खाली सगळं गाव पसरलेलं. भाचीने विचारलं, "आजोबा, महाराजांना काही आणायचं असलं की एवढं खाली जायचे?" सासरे म्हणाले, "म्हणून तर त्यांनी खाली पेठा वसवल्या, बाळ." मग तिथूनच मंगळवार पेठ कुठे, शनिवार पेठ कुठे, आमचं घर कुठे, हे तिने शोधून काढलं. त्या दिवसातली मला सगळ्यात आवडलेली पंधरा मिनिटं ती.

उतरताना चार भिंतींपाशी गाडी थांबवा. १८५७ मधल्या हुतात्म्यांचं ते स्मारक. इंग्रजांनी १८३९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे झगडले. आमच्याकडे हे नाव लहान मुलालाही ठाऊक असतं, बाहेर मात्र फार कमी लोकांना.

मग राजवाडा. वाडा बाहेरून पाहायचा, पण तिथे जी प्रतापसिंह हायस्कूल नावाची शाळा भरायची, तिच्यासाठी दहा मिनिटं द्याच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या शाळेत दाखल झालं. तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. छत्रपतींच्या वाड्यात भरणारी शाळा आणि तिच्या पटावर ते नाव, याचा मला साताराकर म्हणून अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही.

छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय एसटी स्टँडजवळ आहे. जायच्या आधी सुट्टीचा वार विचारून घ्या. लंडनहून आलेली वाघनखं जुलै २०२४ पासून काही महिने इथे होती, पुढे ती नागपूरला गेली. तेव्हा मुलांना वाघनखांची आस लावून नेऊ नका.

दुपारी जेवून आई-वडिलांना तासभर आडवं होऊ द्या. पेढे मोती चौकातून घ्या. कंदी पेढा भाजलेला, तपकिरी, जरा खरपूस असतो, पांढऱ्या पेढ्याइतका गोड नसतो.

चारच्या सुमारास संगम माहुलीला निघा, पाच-सहा किलोमीटरवर आहे. इथे कृष्णा आणि वेण्णा मिळतात, घाटावर जुनी दगडी देवळं आहेत. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले, त्यांची समाधी इथे नदीकाठी आहे. पावसाळ्यात पाणी चढलेलं असलं तर खाली उतरू नका, घाटावरूनच नमस्कार करा. त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथेच आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. सकाळपासून गप्प असलेला आमचा भाचा तिथे बसून राहिला. खिशातलं बिस्किट त्याने दगडावर ठेवलं आणि मुंग्या येईपर्यंत पाहत होता.

परतताना उजेड असेल तरच लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीला जा. साताऱ्यापासून पंधराएक किलोमीटरवर, पुण्याच्या वाटेवरच आहे. शाहू महाराजांच्याच काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली, आमराईला पाणी देण्यासाठी. अष्टकोनी विहीर, आत चक्क महाल आणि वर बारा मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायच्या चामड्याच्या पिशव्या, एकदम चालतील अशी सोय. पायऱ्या उतरून महालात जावं लागतं, म्हणून आईंना वरूनच दाखवा आणि मुलांचा हात धरा, कठड्याजवळ तर सोडूच नका.