जुन्या पेट्रोल पिकअपचे प्लग सारखे काळे होतात, ‘गरम’ प्लग टाकू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डिचोलीत जुनी महिंद्रा, हरिकेन पेट्रोल इंजिन, चारही प्लग पंधरवड्यात काळे, त्यात तीन नंबरचा ओला, मिस्त्री म्हणतो एक पायरी गरम प्लग टाका.

टाकू नका. गरम प्लग म्हणजे ज्याचं टोक जास्त तापलेलं राहतं तो. तो स्वतःचं टोक तेवढं जाळून साफ ठेवतो. काजळी येते कुठून, ते तसंच राहतं. त्यात नंबरांचा घोळ. एनजीके कंपनीच्या प्लगांत नंबर वाढला की प्लग थंड, बॉश नि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं. काउंटरवर ‘एक नंबर वरचा’ मागाल तर काय हातात पडेल सांगता येत नाही.

आधी प्लग नीट वाचा. अंगणात आयडलवर घुरघुरत ठेवलेल्या गाडीचे प्लग काळेच निघणार. केरीहून चोर्ला घाट भरल्या गाडीने चढा, चढ संपताना जागा बघून बाजूला घ्या नि आयडलवर न ठेवता लगेच बंद करा. निवल्यावर प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडा. बोटाला लागणारी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क अशक्त. चकचकीत, चिकट थर म्हणजे ऑइल. ओला पण वास पेट्रोलचा, तर तो सिलिंडर पेटतच नाही.

तीनचा प्लग दोनला लावा. खोड प्लगाबरोबर गेली तर प्लग खराब. तीनलाच राहिली तर वायर, नाहीतर सिलिंडर. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून गेजने कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) घ्या, मग तीनमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत घ्या. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. नाही चढला नि घाट उतरून अॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला, तर इनटेक व्हॉल्व्हचे गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) झिजलेत. या इंजिनात इनटेक हेडात, एक्झॉस्ट ब्लॉकात, म्हणून हेड उतरवून काम भागतं.

चारही कोरडे काळे असतील तर चोकची केबल पूर्ण परत जाते का, एअर फिल्टर, कार्बोरेटरच्या फ्लोटची लेव्हल आणि डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप (०.५ मिमी) बघा. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आहे का ते बघा! माझा जुना वाद इथेच आहे. ‘गोव्यात गरमी, थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढून फेकणारे मिस्त्री पायलीला पन्नास. मग बाजारापुरत्या फेऱ्यांत, त्यातून पावसाळ्यात, इंजिन तापतच नाही, पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि प्लग काजळतात. प्लगाचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच काजळी आपोआप जळते. इंजिन चालू केल्यापासून रेडिएटरचा वरचा होज हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. थर्मोस्टॅट धड असेल तर होज बराच वेळ गार राहून मग एकदम तापतो. इंजिन गरम होतं ही तक्रार असेल तर रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅटचा बळी कशाला?

प्लगाला तारेचा ब्रश नको, पोर्सेलीनवर धातूच्या रेघा राहतात नि स्पार्क तिथून पळतो. गॅप ०.७५ मिमी. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत, मग पान्याने अर्धा फेरा.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून उघडतो का बघून घ्या. बंद अडकलेला निघाला तर हेड वाकेल. आणि गाडीला गॅस किट असेल तर प्लगांचे वर सांगितलेले रंग तसेच्या तसे लागू होत नाहीत, तेवढं कळवा.