बाळाला जरा धडपडू दे

अगं, पोटावर असलेल्या बाळाचा हात खेळण्यापर्यंत पोचत नाही आणि ते कुरकुरतं, तेव्हा लगेच खेळणं हातात देऊ नकोस. शेजारी बैस, त्याच्याशी बोल. कुरकुर कोणती आणि कळवळून रडणं कोणतं, हे तुला लवकरच ओळखू येईल. रडलं तर खुशाल उचल. पण कुरकुरताना ते कोपरांवर जोर देतं, पोट सरकवतं, गुडघा पोटाखाली घेतं. ही सगळी रांगायची तयारी असते, ती मोडू नकोस.

बुडापेस्टच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ मध्ये अनाथ बाळांसाठी संस्था सुरू केली. बाळ स्वतःहून ज्या स्थितीत जात नाही, त्या स्थितीत त्याला ठेवायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता. उशा लावून बसवणं नाही, बोट धरून चालवणं नाही. आपल्याकडे आजी बोट धरणारच, त्यावरून घरात वाद घालू नकोस.

बाळाला बसवायचा चाकांचा वॉकर मात्र कोणी भेट दिला तरी वापरू नकोस. त्यात तोल सांभाळायची वेळच येत नाही, शिवाय जिन्यावरून पडण्याचा धोका. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो बाळ स्वतः उभं राहून ढकलतं, आपण जवळ असलो की झालं.

खाली सतरंजी अंथर, टोकदार वस्तू हलव. नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, तर डॉक्टरांना दाखव.