थंडीत सकाळी गाडी सेल्फच घेत नाही!

प्रश्न: दादा, माझी पेट्रोल गाडी आहे, बॅटरी साडेतीन वर्षांची. थंडी वाढली तसं रोज सकाळी सेल्फ मारला की इंजिन घर्र... घर्र... असं दमल्यासारखं फिरतं, आणि काल तर नुसता कट-कट आवाज, बाकी काहीच नाही. दुपारी ऊन आलं की तीच गाडी एका सेल्फमध्ये चालू! मेकॅनिक म्हणतो बॅटरी बदलून टाका, शेजारचे काका म्हणतात रोज दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेव. कोणाचं ऐकू? ऑफिस जेमतेम ३ किलोमीटरवर आहे, तेवढीच गाडी फिरते.

उत्तर: तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ३ किलोमीटर. त्याच्याकडे येतोच, पण आधी थंडीत होतं काय ते बघू. बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड असतं, आणि वीज मिळते ती त्यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून. गारठ्यात ही क्रिया मंदावते. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते आणि उणे १८ ला जवळपास निम्मीच उरते. त्यात इंजिन ऑइलही घट्ट झालेलं असतं, म्हणजे नेमकी जास्त जोर लागतो तेव्हाच बॅटरीत जोर कमी. दुपारी गाडी चालू होते त्याचं कारण हेच.

पण थंडीने बॅटरी खराब होते असं मात्र समजू नका. बॅटरीची खरी झीज उन्हाळ्यात होते, उष्णतेने पाणी उडतं, प्लेटा आतून गंजतात, आणि ते आपल्याला कळत नाही कारण गरम हवेत अर्धमेली बॅटरीसुद्धा गाडी चालू करून देते. हिवाळ्यात ते उघडं पडतं एवढंच.

आता ते ३ किलोमीटर. सेल्फला दीड-दोनशे अँपिअर करंट लागतो, थोडाच वेळ, पण तो भरून निघायला गाडी बऱ्यापैकी चालावी लागते, आणि थंड बॅटरी चार्ज घेतेसुद्धा हळू. तुमच्या छोट्याशा फेरीत हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू, म्हणजे बॅटरीच्या वाट्याला फार काही येतच नाही. रोज थोडी थोडी उतरत जाते आणि अशी अर्धवट चार्ज राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, तो जुना होऊन घट्ट झाला की सहसा निघत नाही. काकांना माझा नमस्कार सांगा, पण उभ्या गाडीत आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं हळू फिरत असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) फारसा करंट देत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा, नाहीतर चांगला ऑटोमॅटिक चार्जर घेऊन रात्रभर लावा, मला हा दुसरा उपाय जास्त पटतो.

बदलायच्या आधी मोजा, प्लीज. रात्रभर उभी असलेल्या गाडीला सकाळी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, बॅटरीला लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर जवळपास संपलीच. मग इंजिन चालू करून बघा, साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, तेवढे नसतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा तो फिरवणाऱ्या बेल्टचा असू शकतो आणि नवी बॅटरीपण महिन्याभरात असंच करेल. फुल चार्ज करून रात्रभर ठेवली आणि तरी सकाळी व्होल्टेज पडलेलं असेल, तर टर्मिनल (बॅटरीच्या टोकांना जोडलेल्या वायरी) काढून हीच टेस्ट परत करा. आता टिकलं तर गाडीतच काहीतरी करंट खातंय, डॅशकॅम वगैरे. तरीही पडलं तर मेकॅनिकचं बरोबर, बॅटरी बदला, साडेतीन वर्षं म्हणजे तिचं वय झालंच आहे.

आणि हो, टर्मिनलवर पांढरा-हिरवट बुरा साठलाय का बघा! कट-कट आवाज कधीकधी फक्त त्यानेच येतो. आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह, खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासायचं, पुसून कोरडं करायचं आणि लावताना उलटं, आधी पॉझिटिव्ह. हातमोजे आणि चष्मा घाला, ॲसिड आहे ते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखं होतं आणि उणे ७-८ अंशालाही गोठू शकतं, फुल चार्ज असेल तर उणे ५० लाही गोठत नाही. कडाक्याच्या थंडीत बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून गाडी चालू करणं, अजिबात करू नका, बॅटरी फुटू शकते. एरवी जंप देताना शेवटची काळी केबल उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावा, बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिच्यापासून लांब पडलेली बरी.

प्रश्न: महिनाभर गाडी बंद राहणार आहे, बॅटरी काढून घरात उबेला ठेवू का?

उत्तर: उबेची गरज नाही, उलट थंडीत बॅटरी आपोआप उतरते ती हळू. फक्त आधी फुल चार्ज करा आणि निगेटिव्ह काढून ठेवा. बॅटरी परत जोडल्यावर म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो मात्र आधी लिहून ठेवा.