‘कोई कार्प’ आणि त्याचा पैदासकार

जपानमधील शोभेच्या माशांवरील एका लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत : ‘कोई कार्प’ ही द्विरुक्ती नाही का, आणि हे मासे तयार करणाऱ्यांना ‘मत्स्यपालक’ म्हणावे का?

द्विरुक्ती आहेच. जपानीत ‘कोई’ म्हणजे कार्प हा गोड्या पाण्यातला मासा, मग तो ताटातला असो वा तळ्यातला. तेव्हा ‘कोई कार्प’ हा ‘पिवळा पीतांबर’ याच वळणाचा प्रयोग झाला. मात्र जपानबाहेर ‘कोई’चा अर्थ संकोचून रंगीत माशापुरताच उरला आहे, म्हणून तो प्रयोग मी अगदी त्याज्य मानणार नाही. ‘कोय’ असे लेखन मात्र टाळावे, ती आंब्याची. खुद्द जपानी लोक या रंगीत माशाला ‘निशिकिगोई’ म्हणतात. ‘निशिकि’ म्हणजे किनखाप, आणि समासात ‘कोई’तील ‘क’चा ‘ग’ होतो. ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ होताना आपल्याकडेही ‘क’चा ‘ग’ होतो. पण तेथे पूर्वपदाचा शेवट बदलतो, येथे उत्तरपदाचा आरंभ.

दुसऱ्या शंकेसाठी थोडे मागे जावे लागेल. निइगाता प्रांतातील यामाकोशी आणि ओजिया या डोंगराळ, अतिबर्फाच्या भागातले भातशेतकरी हिवाळ्यात खाण्यासाठी कार्प पाळत असत. १८०४ ते १८३० या काळात त्यांच्या तळ्यांत अधूनमधून रंगीत पिल्ले दिसू लागली, आणि ती न खाता बाजूला ठेवून त्यांच्यापासून पुढची वीण घेण्यास सुरुवात झाली. माझ्या मते ‘मत्स्यपालक’ हा शब्द येथवरच पुरतो. एक मादी लाखो अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्ले मातीच्या तळ्यांत वाढवली जातात, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती अनेकदा जाळ्याने गोळा करून, रंग, नक्षी आणि अंगकाठी पाहून हाताने निवडली जातात. या निवडीला ‘सेन्बेत्सु’ म्हणतात, आणि तीत बहुतेक पिल्ले बाद होतात. पाळण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, काम नाकारण्याचे असणाऱ्या या माणसाला ‘पैदासकार’ म्हणणे योग्य. ‘पैदासकार बियाणे’ या प्रयोगामुळे तो शब्द आपल्या शेतकऱ्यांच्या कानाला नवा नाही. जपानीत त्याला साधेपणाने ‘सेइसान्शा’, म्हणजे उत्पादक, असेही म्हणतात. पण मराठीत ‘उत्पादक’ म्हटले की कारखाना आठवतो.

पिल्लांसाठी ‘मत्स्यजिरे’ (अंड्यातून नुकतीच निघालेली) आणि ‘बोटुकली’ (बोटाएवढी वाढलेली) हे आपल्या मत्स्यव्यवसायातले शब्द निःसंकोच वापरावेत. लेखात ‘तातेगोई’ हा शब्दही येण्याची शक्यता आहे : आज नक्षी कच्ची असली तरी पुढे खुलेल, या भरवशावर पैदासकार जो मासा विकत नाही, तो तातेगोई. त्यासाठी शब्द घडवत बसण्याची गरज नाही. ‘होतकरू’ पुरेसा आहे.